काळी पिशवी मिळणार नाही

ही पाटी पहिल्याच दिवशी लावली,
खडूने, आणि पुसट झाली की पुन्हा गिरवतो.
गंगापूर रोडला दुकान आहे माझं. फक्त वाइन.
बिअर नाही, क्वार्टर नाही, उधारी तर नाहीच.
शेजारचा भेळवाला म्हणतो,
तुमच्याकडं गिऱ्हाईक कमी, व्याख्यान जास्त.

आधी फवारणीची औषधं विकायचो.
मोहाडी, पालखेड, खेडगाव, मोटारसायकलवर,
डिकीत नमुन्याच्या पुड्या.
भुरी, डावणी, करपा:
द्राक्षाची सगळी दुखणी पाठ होती,
द्राक्षाचं पुढं काय होतं, ते ठाऊक नव्हतं.
मग एका संध्याकाळी बाजीराव मोगलांनी
मोरीतल्या निळ्या ड्रमातून स्टीलचा पेला भरून दिला.
कंपनीनं परत पाठवलेला माल, म्हणाले,
फेकवेना. बघा बरं.
गढूळ होतं, आंबट होतं, वाईटच होतं.
पण जिभेच्या मागच्या अंगाला काहीतरी राहिलं
जे दिंडोरी गेलं, म्हसरूळ गेलं, आमची गल्ली आली
तरी उतरलं नाही.

परीक्षा पुण्याला. पांढरी चादर, सहा ग्लास,
थुंकायला एक चकचकीत बादली.
पुस्तकात वास दिले होते: ब्लॅककरंट, गूजबेरी.
मी ती फळं आजवर पाहिलेली नाहीत.
तिसऱ्या ग्लासपुढं लिहिलं: गाभुळलेली चिंच.
पाचव्यापुढं: तांब्याच्या गडूत रात्रभर राहिलेलं पाणी.
बाईंनी लाल पेनानं विचारलं होतं, म्हणजे काय?
पास केलं. काठावर.

म्हणजे काय, ते आमच्या तांबट आळीत विचारावं.
वडील गडू विकायचे,
गंगेचं पाणी भरून, तोंडाला डाख देऊन,
कुठल्या कुठल्या गावच्या यात्रेकरूंना.
दुकानाचं कळल्यावर ते ओरडले नाहीत.
चार महिने जेवताना फक्त मीठ मागायचे.
मग एका ड्राय डेला, शटर अर्धं खाली असताना,
वाकून आत आले.
एक बाटली उचलली, नखानं टिचकी मारून ऐकली
(आयुष्यभर भांडं असंच घेतलं त्यांनी),
आणि म्हणाले:
आपण तोंड बंद करून दिलं,
लोकांनी नेऊन देवापुढं ठेवलं.
पन्नास वर्षांत कुणी उघडून पाहिलं नाही
आत काय आहे.
तुझं गिऱ्हाईक त्याच रात्री उघडणार.
एवढं बोलून पुन्हा वाकून बाहेर गेले.

मावशीनं माझ्या बायोडेटात
'द्राक्षप्रक्रिया उद्योग' लिहिलंय.
तीन स्थळं आली. एकानं विचारलं, बेदाणे का?
मी हो म्हणायला हवं होतं, असं मावशीचं मत.

कुलथे बाई आल्या त्या फेब्रुवारीत.
शिक्षिका होत्या, आवाजावरून कळतं.
दोनदा दुकानावरून पुढं गेल्या, तिसऱ्यांदा चढल्या.
साधी द्या, म्हणाल्या, पहिल्यांदा घेणाऱ्याला चालेल अशी.
आणि काळी पिशवी.
मी पाटीकडं बोट केलं.
त्यांनी ती पूर्ण वाचली, वर्गात फळा वाचावा तशी,
मग भाजीच्या पिशवीत बाटली उभी ठेवली,
मेथीची जुडी बाजूला सारून.
मान बाहेर राहिली. तशाच चालत गेल्या,
कॉलेज सुटायच्या वेळेला.

आठवड्यानं परत आल्या.
तुमची ती बाटली, म्हणाल्या, पहिल्या घोटाला कडू लागली.
मी मान खाली घातली.
पण भांडी घासताना आठवत राहिली हो.

साठ्याच्या वहीत शेऱ्याचा रकाना असतो,
वर्षभर कोरा. त्यात लिहून ठेवलं.
उत्पादन शुल्कचे साहेब तपासायला आले तेव्हा
तिथं बोट थांबलं त्यांचं.
हे काय लिहिलंय?
म्हटलं, साहेब, माल कसा निघाला, ते.
त्यांनी पुन्हा वाचलं.
मग शिक्का मारला, जरासा बाजूला,
अक्षरं झाकणार नाहीत असा.